कल्हईवाल्याची कढी

एका बाजारपेठेच्या गावात रखमाजी कल्हईवाल्याची झोप उडाली होती, आणि नवल असं की ती बरे दिवस आल्यामुळे उडाली होती.

रखमाजी शेठाणीच्या आळीत राहायचा. गावातल्या एका धनवान शेठाणीने मरण्याआधी ही आळी बांधून ठेवली होती. पक्क्या भिंती, वर कौलं, दारात गोड्या पाण्याची विहीर. बेताच्या कमाईच्या माणसांनी इथे थोडक्या भाड्यात राहावं, एवढीच तिची इच्छा. पण बाई व्यवहाराला पक्की होती. तिने दान दिलं, ते डोळे मिटून दिलं नव्हतं. वर्षातून एकदा आळीच्या कारभारणीने प्रत्येक घरी जायचं, त्या घरच्या रोजच्या जेवणातला एक घास खायचा आणि विचारायचं, "यंदा मिळकत वाढली, घटली, का आहे तेवढीच?" घरधन्याने चुलीसमोर बसून खरं सांगायचं. त्यावर पुढच्या वर्षाचं भाडं ठरायचं, आणि मिळकत फारच वाढली तर घर दुसऱ्या गरजूला सोडायचं. आळीत याला घासाचा दिवस म्हणत. चुलीपुढे खोटं बोलू नये, एवढ्या एका समजुतीवर हा सगळा कारभार चालला होता.

यंदा रखमाजीला मठाचं काम लागलं होतं. मठात पंगतींवर पंगती उठायच्या. मोठमोठी पातेली, हंडे, पराती त्याच्या भट्टीवर येऊ लागल्या. भाता सारखा फुसफुसायचा, नवसागराचा पांढरा धूर कौलांवर जायचा. घरात दोन पैसे जास्तीचे दिसू लागले. बायकोला, सुंद्राला, त्याने नवं लुगडं आणलं. एक घोंगडीही घेतली. सगळं गोड चाललं होतं, तोवर घासाचा दिवस जवळ आला.

आळीच्या टोकाला श्रीपती विणकर राहायचा. गेल्या साली तो "वाढली" म्हणाला आणि पुढे काही महिन्यांत त्याच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं. विहिरीवर बायका म्हणायच्या, "खरं बोलला नि घराला मुकला." हे ऐकल्यापासून रखमाजीला घराची धास्ती लागली होती. हे घर मिळण्याआधी तो आणि सुंद्रा धर्मशाळेच्या ओसरीवर राहिले होते. पावसाची झड आत यायची आणि रात्रभर गोधडी पिळून काढावी लागायची. त्या ओल्या गोधडीचा वास अजून त्याच्या नाकात होता.

कारभारीण म्हाळसाक्का समोरच्याच घरात राहायची. तिला जाऊन विचारलं असतं तर काम भागलं असतं. पण रखमाजी उंबऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. विचारायला गेलो तर तिला संशय येईल, असं त्याला वाटे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्याने लुगडं कोळशाच्या पोत्याखाली दडवलं आणि घोंगडी माळ्यावर टाकली. बाहेर चप्पल वाजली की हातातला सांडसा खाली पडायचा. जेवताना उठायचा, दार बघून यायचा, परत बसायचा.

अशातच त्याची नजर घरच्या भांड्यांवर गेली. त्यानेच हौसेने कल्हई केलेली ती भांडी आतून लखलखत होती. तो घाबरला. विटकरीची पूड आणि वाळू घेतली आणि एकेक भांडं खसाखसा घासायला बसला. कल्हईचं कथील उडालं, आतून पिवळं पितळ दिसू लागलं. अशा उघड्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हिरवट आणि कडू होतो.

सुंद्रा कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, येड लागलं का तुमास्नी? ताक कळकंल की ह्यात!"

"एका दिसाचा तर सवाल हाय. चकाकती भांडी बघितली की आक्का म्हणंल, घरच्या भांड्यालाबी एवढं कथील, म्हंजी बाबा मालदार झाला."

"मग व्हय म्हणा की. झालाच हायसा थोडं."

"आन घर गेलं तर? ओसरीवर जायाचं का परत?"

सुंद्राने घासलेली भांडी उचलून फळीवर लावली. ओसरी तिनेही भोगली होती.

घासाचा दिवस उजाडला. रोजचंच शिजवायचं ही रीत, म्हणून सुंद्राने भाकरी थापली आणि कढी केली. म्हाळसाक्का आळीच्या दुसऱ्या टोकापासून निघाली होती. रखमाजीचं घर शेवटचं. ती येईपर्यंत कढी त्या उघड्या पितळेत तशीच पडून राहिली.

दुपार कलल्यावर म्हाळसाक्का आली. तिच्या मागे, नेहमीसारखी, अर्धी आळी होती. तिने भाकरीचा तुकडा कढीत बुडवला, तोंडात घातला आणि तिचा चेहरा वाकडा झाला. अंगणात जाऊन तिने घास थुंकला, चूळ भरली. मग परत येऊन पातेल्यात डोकावली.

"रखमाजी, अरे कल्हईच नाही भांड्याला!"

"कुठनं असणार, आक्का? मठाचं काम दिसतं मोठं, पर मजुरी कोळशा-कथिलातच जाती. घरच्या भांड्याला कथील घ्यायला बी पैका नाय ऱ्हायला."

"म्हणजे मिळकत?"

"आहे तेवढीच" असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण खोटं एकदा उताराला लागलं की मध्येच थांबत नाही.

"घटली, आक्का. लई घटली."

म्हाळसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. कल्हईवाल्याच्या घरी कथील नसावं, याहून वाईट दिवस ते कोणते? तिने तिथल्या तिथे त्याचं भाडं निम्मं केलं. सगळे गेल्यावर रखमाजीने मोठा सुस्कारा सोडला आणि तो पोटभर जेवला. कढीला मात्र त्याने हात लावला नाही.

पण अर्धी आळी दारात उभी होती, आणि अर्ध्या आळीला तोंडं होती. बाजारच्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट. कल्हईवाल्याच्या घरची कढी कळकली! चार दिवसांनी मठाचा आचारी बाळंभट गाडी घेऊन दारात हजर झाला.

"रखमाजी, मठाची भांडी गाडीत चढव."

"का वो महाराज? काम वंगाळ झालं का?"

"काम चोख होतं. पण ज्याच्या घरचं अन्न कळकतं, त्याच्या हातच्या पातेल्यात मी पंगतीचं रांधू कसं? लोक मला विचारतात."

रखमाजीच्या ओठांवर आलं होतं, की कल्हई टिकली नाही असं नव्हे, ती मीच घासून काढली. पण हे सांगावं तर आळी ऐकणार, न सांगावं तर काम जाणार. त्याने एकेक भांडं गाडीत चढवलं. भांडी गेली. मठाचं बघून बाकीची गिऱ्हाइकंही गेली. भाता कोपऱ्यात पडला. कोळशाच्या पोत्याखालचं लुगडं सुंद्राने एकदाही न नेसता विकलं. रखमाजीने जे सोंग आणलं होतं, ते वर्षभरात त्याच्या घरी खरं होऊन बसलं.

बघता बघता पुन्हा घासाचा दिवस आला. रखमाजी पुन्हा तळमळू लागला, पण या वेळची तळमळ वेगळी होती. घराची भीती होतीच, पण तिच्यापेक्षा आता त्या पातेल्याकडे बघणं त्याला असह्य झालं होतं. त्याने उरलेलं चिमूटभर कथील काढलं, भट्टी पेटवली आणि कढीच्या पातेल्याला कल्हई केली. हात तोच होता. पातेलं आतून लख्ख झालं.

म्हाळसाक्का घास मोडणार, इतक्यात तो म्हणाला, "आक्का, थांबा. आधी ऐका." आणि सगळ्या आळीसमोर त्याने मठाच्या कामापासून विटकरीच्या पुडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याची मान वर झाली नाही.

म्हाळसाक्काने हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाली, "श्रीपतीला कुणी काढलं नाही रे. नदीपलीकडं स्वतःचं घर बांधून गेला तो. जाताना मला पेढे देऊन गेला. तुझं भाडं जरासं वाढलं असतं, इतकंच. घर सोडण्याइतकी कमाई तुझी झालीच नव्हती. आणि ज्याची होते, त्यालाही दुसरं घर बघायला आपण वर्ष देतो. समोर राहते मी. एकदा विचारायचंस तरी!"

"भ्यालो, आक्का."

"तू भ्यालास, आणि भोगलं आपल्या आळीतल्या या सुभाना कुंभाराने. शेठाणीने घटलेल्यांसाठी ठेवलेली सूट मोजकीच; सगळी घरं बघून झाल्यावर ती याला देणार होते, ती तुझी कढी बघून तुला दिली, म्हणून गेल्या साली याला पूर्ण भाडं भरावं लागलं. खरं घटलं होतं त्याचं."

सुभाना गर्दीतच उभा होता. रखमाजीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आता सांग," म्हाळसाक्का म्हणाली. "यंदा?"

"घटली, आक्का. यंदा खरंच घटली."

तिने तुकडा कढीत बुडवला आणि सावकाश खाल्ला. मग, रीत नसताना, दुसराही खाल्ला.

"कढी तरी खरं बोलतेय," ती म्हणाली.

सुभाना घरी गेला आणि कल्हई उडालेलं एक पातेलं घेऊन आला. ते त्याने रखमाजीच्या भट्टीपाशी आपटलं.

"कल्हई कर. पैसा मिळायचा नाय," तो म्हणाला. "माझं गेल्या सालचं फिटंस्तवर घरातलं एकेक भांडं आणणार हाय."

रखमाजीने खाली बसून भाता ओढायला घेतला.

तात्पर्य: घर जाईल या धास्तीने खोटी गरिबी दाखवू नये, कारण ती खरी होऊन घरात शिरते आणि शेजाऱ्याच्या ताटातलंही ओढून नेते; नियमाची भीती वाटली तर आधी नियम विचारावा, आणि वाढलं तर वाढलं, घटलं तर घटलं असं सरळ सांगावं.