द्वाड कोण, हे शिदूला कळलं

सकाळी बरोबर सव्वासहाला वासराने दावं तोडलं आणि गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं. तिथून हे सुरू झालं.

एका गावात एक भोळा शिदू होता. भोळा हे आपलं सभ्यपणाने म्हणायचं. तिशी आली तरी त्याचं लग्न ठरत नव्हतं आणि त्या काळजीने आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"मेलं द्वाड वासरू!" आई ओरडली.

"द्वाड म्हणजे काय गं?"

"एका जागी ठरत नाही, ते द्वाड. त्याला खांबाला बांधायचं."

"आता कळलं," शिदू म्हणाला.

तो देवळात गेला. गुरवकाका प्रदक्षिणा घालत होते. एक झाली, दुसरी झाली, ठरायचं नावच नाही. शिदूने त्यांना खांबाला बांधलं.

आईने कपाळ बडवलं. "अरे शुंभा, मोठ्या माणसाला कोणी द्वाड म्हणतं का? लहान असतं, खोड्या काढतं, ते द्वाड. त्याला मांडीवर घेऊन गुळाचा खडा द्यायचा."

"आता कळलं."

पुढे मायलेक मुलगी बघायला गेले. मुलीचे वडील बुटके आणि थट्टेखोर. त्यांनी गमतीने शिदूची टोपी लपवली. शिदूने त्यांना उचलून मांडीवर घेतलं आणि तोंडात गूळ कोंबला.

म्हातारा गूळ चघळत म्हणाला, "जावई मायाळू दिसतो."

त्या घरातही अक्कल बेताचीच. लग्न ठरलं.

घरी आल्यावर आईने दरडावलं, "सासऱ्याला मांडीवर घेतोस? नीट ऐक. दुसऱ्याच्या घरात शिरून धान्य सांडतं, ते द्वाड. त्याला उंबऱ्यावरूनच काठीने हाकलायचं. बास!"

"आता कळलं. अगदी कळलं."

लग्न लागलं. वरात दारात आली. नवऱ्याच्या उपरण्याला नवरी मंजुळाच्या शालूची गाठ, उंबऱ्यावर तांदळाचं माप. मंजुळाने रीतीप्रमाणे उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ घरभर झाले.

शिदूने दाराशी टेकवलेली काठी उचलली. "आई, सापडलं गं द्वाड!"

मंजुळा शालू सावरत पळत सुटली. गाठ पक्की होती. त्यामुळे शिदूही काठी उगारून तिच्यामागे फरफटत गेला. वेशीपर्यंत दोघं दिसत होती.

आई अजून दारात उभी आहे. ती जोडी कुठे दिसली तर सुनेला एवढा निरोप द्या, "घरी ये बाई, द्वाड तू नव्हेस." शिदूला मात्र काही सांगू नका. सांगितलं की तो ते करतो.