गोजराक्काने मारलेली गाठ

तांबडवाडीच्या पारावर अजून वडही लावला नव्हता, तेव्हा गावात गोजराक्का नावाची रंगारीण राहायची. ती चौकोनी फडकी रंगवायची. हळदीची पिवळी, निळीची गर्द निळी. बारसं असो की लग्न, गावाचा आहेर तिच्या फडक्यात बांधून जायचा. आहेर काढून घेतला की फडकं धुऊन, त्यात मूठभर तांदूळ बांधून ज्याचं त्याला परत जायचं. आईचं फडकं लेकीला व्हायचं. गोजराक्काने मारलेली गाठ पहिलवानालाही सुटायची नाही, आणि ज्याच्यासाठी मारली त्याने नुसतं बोट लावलं तरी सुटायची, असं म्हणतात.

मग मल्हारराव इनामदारांच्या मुलीचं लग्न निघालं. इनामदारांनी शहरातून चकचकीत बेगडी कागद मागवला आणि दवंडी पिटली, "आहेर कागदात गुंडाळून आणावा. चिंध्या आणणाऱ्यांनी मागच्या दाराने यावं." कागद मिळाला ते दोन-चार लोक पुढून गेले. बाकीचं गाव मागून गेलं.

त्यात भिवराबाई होती. तिचा एकुलता एक लेक पुरात वाहून गेला होता. त्याच्या फेट्याचा तुकडा तेवढा तिच्याजवळ उरला होता. नवरी त्याच्याबरोबर लहानपणी खेळलेली, म्हणून भिवराबाईने तिच्यासाठी तांब्याची वाटी त्याच तुकड्यात बांधून नेली. आचाऱ्याने वाटी काढून घेतली, तुकड्याने कढई पुसली आणि तो चुलीत टाकला.

"माझं फडकं," भिवराबाई एवढंच म्हणाली. आतून कुणीतरी हसलं.

हे कळलं तेव्हा गोजराक्काचे हात निळीत होते. तशीच ती उठली आणि पुढच्या दाराने मांडवात शिरली. पायाखाली फाटलेला कागद आणि खरकटं.

"इनामदार, भिवराबाईचं फडकं द्या."

"गोजरे, एका चिंधीसाठी माझ्या दारात ओरडतेस? जळलं ते. राख झाली."

"मग राखेची घडी घालून द्या. मी उभी आहे."

वऱ्हाड खदखदा हसलं. गोजराक्का संतापून म्हणाली, "हसा! दुसऱ्याचं फडकं ज्या घराला परत देता येत नाही, त्या घरातली एकही गाठ आता सुटायची नाही."

आणि सुटली नाही. नवरा-नवरीच्या शेल्याची गाठ सुटेना. शिध्याची पोती सुटेनात. बैल दाव्याला तसेच. विळा चालवला तर विळ्याचीच धार गेली. वऱ्हाड उपाशी बसलं आणि बेगडी कागद वाऱ्यावर गावभर भिरभिरत राहिला.

शेवटी इनामदार गोजराक्काच्या पाया पडायला आले. तिने पाय मागे घेतले. "पाया पडून कुणाचं फडकं परत येत नाही," ती म्हणाली.

तेव्हा इनामदारांनी भर रस्त्यात डोक्यावरचा जरीचा फेटा उतरवला. हातांनीच त्याचे चौकोन फाडले, एकेकात लाडू बांधले, आणि अनवाणी घरोघर गेले, प्रत्येक घरी मागच्या दाराने. भिवराबाईने गाठीला बोट लावलं. ती सुटली, आणि त्याच क्षणी इनामदारांच्या घरातल्या साऱ्या गाठी सुटल्या, असं म्हणतात. पण लाडू तिने घेतला नाही.

"हा फेटा तुमचा," ती म्हणाली. "माझ्या लेकाचा कुठाय?"

इनामदारांनी मान खाली घातली.

गोजराक्काचा राग कधीच उतरला नाही. त्या घरासाठी तिने पुन्हा सुताचा धागासुद्धा रंगवला नाही. सरणावर ठेवली तेव्हाही तिच्या मुठी वळलेल्याच होत्या, असं म्हणतात.

तांबडवाडीत आजही आहेर फडक्यातच बांधतात आणि फडकं परत करतात. लग्नात शेल्याची गाठ सोडायच्या आधी घरधनी मांडवाच्या दारात उभा राहून मोठ्याने विचारतो, "कुणाचं फडकं राहिलं का?"

सगळ्यांची फडकी पोचलेली असतात. तरी मांडवातल्या बायका एका आवाजात सांगतात, "भिवराबाईचं राहिलं!"

घरधनी कितीही मोठा असो, तो मान खाली घालतो. मगच गाठ सोडतात.