साळिंदररावांचे पाच काटे

मुलांनो, सागाच्या एका दाट रानात एक साळिंदर राहत असे. त्याचे बोलणे मोठे जाणकाराचे, म्हणून सगळे त्याला साळिंदरराव म्हणत. त्या रानात एक गुहा होती आणि तिच्या पश्चिमेच्या भिंतीला एक फट होती. दर आठ दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी ऊन त्या फटीतून आत आले की एक म्हातारी वानरीण आपल्या टोळीसह तिथे हलत्या चित्रांचा खेळ करी. सागाच्या पानांतून दातांनी प्राणी कातरायचे, त्यांचे हातपाय वाखाने बांधायचे आणि उन्हात धरून समोरच्या भिंतीवर त्यांच्या सावल्या नाचवायच्या. दर खेळात कुणाची ना कुणाची फिरकी घेतलेली असे. एका खेळात मधाच्या राखणीला नेमलेले अस्वल नाकाला मध माखूनच सभेला आले आणि "मधमाश्याच चोर आहेत!" असे म्हणाले. तेव्हा प्रेक्षकांतले खरे अस्वलही पोट धरधरून हसले होते.

खेळ कसा झाला, हे मात्र साळिंदरराव ठरवत. ते पुढच्या उंच दगडावर बसत आणि खेळ संपला की आपले गळालेले काटे वाळूत रोवत. पाच काटे म्हणजे फक्कड, एक काटा म्हणजे टाकाऊ. आणि ते मध्येच पाठ फिरवून चालते झाले, तर वानरिणीने फटीला दगड लावून खेळ कायमचा बंद करायचा, असा रिवाज होता. त्यांची पारख चोख होती, यात वाद नाही. पण झाले असे की, हसण्याआधी जो तो त्यांच्या तोंडाकडे बघू लागला आणि त्यांच्या शेजारी कुणी बसेनासे झाले. खेळ संपला की ससे, हरणे घोळक्याने गप्पा मारत घरी जात. साळिंदरराव एकटे बिळात शिरत, तेच विनोद बिळाच्या भिंतीला सांगत आणि एकटेच हसत. मला तर त्यांचे फार वाईट वाटते. 'आज तरी कुणी आपल्याजवळ बसेल' या एका आशेवर ते दर खेळाला सगळ्यांच्या आधी येत, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही.

एके दिवशी भिंतीवर एक उंच दगड दिसला आणि दगडावर एक काटेरी सावली. ती नाक वर करून म्हणाली, "हे हसू अजून कच्चे आहे. आठ दिवस अढीत घाला, मग आणा!" सशाला हसू आवरेना. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे साळिंदररावांकडे न बघता हसले. हसू त्यांनाही येत होते, पण त्यांनी ते दाताखाली दाबले. मग ती सावली बिळात गेली आणि भिंतीला विचारू लागली, "काय गं, तू तरी हसलीस का?"

गुहा एकदम गप्प झाली. सशाचे तर डोळे भरून आले होते. पण साळिंदररावांच्या कानांत मघाचेच हसणे घुमत होते. ते ताडकन उठले आणि म्हणाले, "खेळ बिघडला! वर्मावर बोट ठेवणे म्हणजे विनोद नव्हे."

वानरीण काकुळतीने म्हणाली, "रावसाहेब, अजून अर्धाच झालाय हो. शेवट तरी बघून जा."

"शितावरून भाताची परीक्षा होते," असे म्हणून साळिंदरराव पाठ फिरवून चालते झाले. रिवाज तो रिवाज. वानरिणीने फटीला दगड लावला आणि टोळी घेऊन ती दुसऱ्या रानात निघून गेली.

आठ दिवसांनी सवयीने साळिंदरराव गुहेत आले. आत काळोख होता आणि चिटपाखरूही नव्हते. बाहेरून ससा चालला होता. त्यांनी हाक मारली, "ससोबा, बसता का जरा?"

"नको रावसाहेब, आता इथं बघायला काय राहिलंय?" असे म्हणून ससा निघून गेला.

असे किती आठवडे गेले कोण जाणे. शेवटी एकदा साळिंदररावांनी फटीचा दगड ढकलून पाडला. ऊन आत आले, तेव्हा कोपऱ्यात त्यांना दोन वाळकी पाने दिसली. एक काटेरी पान त्यांचेच होते. दुसऱ्या पानात ससा, हरीण, अस्वल असे सगळे गोल करून बसलेले कातरले होते. मधोमध एक जागा मोकळी होती. साळिंदररावांनी आपले पान तिथे ठेवून पाहिले. ते नेमके बसले. तो खेळाचा शेवट होता.

त्यांनी तो भिंतीवर पाहायची फार धडपड केली. पण त्यांच्या तोंडात एका वेळी एकच पान मावे. आपले पान धरले की भिंतीवर ते एकटेच दिसत आणि दुसरे धरले की मधली जागा रिकामीच राही. ऊन उतरेपर्यंत ते पाने बदलत राहिले. मग त्यांनी वाळूत पाचही काटे रोवले. ते बघायला तिथे कुणी नव्हते.

तात्पर्य : शितावरून भाताची परीक्षा होते, गोष्टीची होत नाही. गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी; आणि ती आपल्याच फजितीची असेल, तर जरा जास्तच धीराने ऐकावी.