ढिगाखालची जागा

“पण बुवा, त्या चुली तिनंच मांडून ठेवल्या नसतील कशावरून?”

मठाच्या ओट्यावर टेकता टेकताच डॉक्टर बोकीलांनी विचारलं. तब्येत कशी आहे, एवढंही नाही.

गंगाधरबुवा चहा गाळत होते. मठात राहायला येण्याआधी ते प्रवरेकाठच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, खोदकामाचे मुकादम होते. हेमंत बोकील नावाच्या पोरसवदा विद्यार्थ्याला हातात थापी कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. पुढे तो विद्यार्थी जर्मनीत गेला आणि रोमन सीमेवरचा एक किल्ला तीस वर्षं खणत बसला. आता बोकील आत आले की भलेभले प्राध्यापक उठून उभे राहतात.

बोकीलांची नजर मात्र बुवांच्या समोरच्या कपांवर होती. कप दोन होते.

“ती इथं येऊन गेली का?”

“कोण?”

“शाल्मली ठोसर. माझी विद्यार्थिनी. कप दोन कसे?”

“घाट उतरताना दिसलास. दुसरा तुझा.”

बोकील ओशाळले. कप घेतला, पण चहाचा वास घेऊनच ओठाला लावला. संशय एकदा अंगात शिरला की चहासुद्धा सोडत नाही हो!

मग त्यांनी सगळं सांगितलं. रोमनांची ती भिंत म्हणजे बंद दार होतं, आत शिपाई, बाहेर शत्रू, भिंतीला लागून बाहेर कुणीसुद्धा राहत नव्हतं, हा त्यांचा सिद्धांत. त्यावर तीन जाड ग्रंथ. गेल्या उन्हाळ्यात ते ऑपरेशनसाठी पुण्यात पडून होते, तेवढ्यात या मुलीनं वेशीबाहेर खणलं. आणि म्हणते, तिथे घरं होती! बायकापोरं होती! शिपायांचे संसार होते!

“माझी पाठ वळायचीच वाट बघत होती, बुवा. चार चुली मांडायला वेळ किती लागतो?”

“चुलीखालची माती किती खोल भाजलीय?”

“वीतभर.”

“म्हणजे बरीच वर्षं स्वयंपाक केला म्हणायचा पोरीनं.”

बोकीलांचे कान तापले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र होतं. शाल्मलीनं पुरावे बनवले, असा आरोप. ते पोचलं की तिला कुठल्याच खोदकामावर कुणी उभं करणार नव्हतं.

“तुम्ही हो म्हणा. जाताना टपालपेटीत टाकतो.”

बुवांनी पाकिटाला हात लावला नाही.

“किल्ल्याचा फोटो असेल ना?”

फोटो होता. बोकील तो कायम जवळ बाळगत. सरळ चर, घासूनपुसून स्वच्छ केलेल्या भिंती. बघणारा वाहवा करी. बुवांनी मात्र कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“ही टेकडी कसली?”

“टेकडी नाही. आमचीच उकरलेली माती. तीस वर्षांची.”

“कुठं टाकलीय?”

“वेशीबाहेर.”

“आणि पोरीनं कुठं खणलं?”

“…त्याच ढिगाची कड हलवून.”

खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“हेमंता, पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं होतं?”

बोकीलांना शब्दन् शब्द आठवत होता. माती टाकायची जागा आधी खणून बघायची. खाली काही नाही अशी खात्री झाली, तरच पहिलं घमेलं ओतायचं.

“बघितली होतीस?”

बोकीलांनी फोटो उलटा ठेवला.

“बघितली होतीस?”

दुसऱ्याच वर्षी एका मजुरानं त्या जागेवरून जोडा आणून दाखवला होता. चामड्याचा, तळहाताएवढा. लहान मुलाचा. पावसानं कुठून तरी वाहून आला असेल, असं म्हणून बोकीलांनी तो पेटीत टाकला आणि त्याच दुपारी तिथे माती ओतायला सांगितली. पहिला ग्रंथ तेव्हा छापायला गेला होता. भीती वाटली होती त्यांना. भीतीच, दुसरं काही नाही.

“चोराच्या मनात चांदणं, बुवा,” ते हळूच म्हणाले. “मी तिला चोर समजत होतो.”

बुवा उठले. आतून एक जुनं, काठाला चेपलेलं घमेलं घेऊन आले. पदरानं पुसावं तसं उपरण्यानं पुसलं आणि बोकीलांच्या मांडीवर, त्या पाकिटावरच ठेवलं.

“ढीग अजून केवढा उरलाय?”

“बराच. पण बुवा… या पत्राचं काय करू? तिला काय तोंड दाखवू? काय बोलू तिच्याशी?”

बुवांनी रिकामे कप उचलले.

“तिला विचार, माती कुठं टाकू.”