तिसऱ्या पदरातलं काळं वाख

माळावरच्या एका गावात एक दोर वळणारा राहत होता. त्याचं नाव लाजरस. गावात बरीच घरं ख्रिस्ती होती. मधोमध दगडी चर्च होतं आणि चर्चच्या मागं विहीर होती.

लाजरस घायपाताची पानं पाण्यात कुजवायचा, ठेचून धुवायचा आणि निघालेल्या पांढऱ्या वाखाचा दोर वळायचा. बैल बांधा, नाहीतर माणूस बांधून विहिरीत सोडा, त्याचा दोर दगा देत नसे. गिऱ्हाइकाच्या हातात दोर देऊन तो एवढंच म्हणायचा, "ओढून बघ." आपल्या मालाची याहून जास्त तारीफ त्यानं कधी केली नाही.

त्याचा मुलगा दानी. एकुलता. तो गावातल्या गिदोन नावाच्या विहीर खोदणाऱ्याच्या हाताखाली कामाला जायचा. एका उन्हाळ्यात चर्चच्या विहिरीचं काम निघालं. दानीला दोरानं खाली सोडलं होतं, वर गिदोन एकटाच होता. दानी निम्म्यावर असताना दोर गेला. लोक धावत आले तेव्हा मुलगा संपला होता. गिदोन म्हणाला, "दोर तुटला."

दोर लाजरसनं वळलेला होता. तो गाळात गेला, वरून कडेची माती ढासळली, त्यामुळे तो कोणाला पाहायला मिळाला नाही. गिदोन बोलला तेच खरं धरलं गेलं. लोकांनी लाजरसला दोष दिला नाही. हळहळले आणि घरी गेले. पण बापाच्या दोरानं मुलगा मेला, हे सगळ्यांना कळलं होतं.

लाजरसला वाटायचं, गिदोन खोटं बोलतो. माझा दोर तुटणार नाही. आणि मग वाटायचं, तुटला असला तर? त्या दिवशीचं वाख नीट धुतलं होतं का? पदर कुठं बारीक झाला होता का? याचं उत्तर त्याला कुठं मिळेना. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला "ओढून बघ" म्हणेनासा झाला. स्वतःच ओढून बघायचा, पुन्हा पुन्हा.

गिदोनचा त्यानं द्वेष धरला. भांडण नाही, शिवी नाही. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात सगळे एकमेकांचा हात धरून सलाम करत, तेव्हा लाजरस गिदोनच्या अंगावरून भिंतीच्या अंगावरून जावं तसा जायचा.

त्या चर्चमध्ये एक रीत होती. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक भाकर मोडायचे आणि म्हणायचे, "ज्याच्या मनात कोणाविषयी अढी नाही, त्यानं पुढे यावं." लोक उठायचे, पुढे जायचे. लाजरस शेवटच्या बाकावर बसून राहायचा. अढी होती म्हणून बसायचा. पाळकांनी एकदा समजावायचा प्रयत्न केला. लाजरस म्हणाला, "मनात एक आणि तोंडात भाकर, असं माझ्यानं होणार नाही." पाळकांनी पुन्हा विषय काढला नाही. गावातली एक म्हातारी मात्र म्हणायची, "लाजरसनं राग वळून ठेवलाय, तो तुटायचा नाही." लोक हसायचे. लाजरसला ते ऐकू यायचं.

अशी पुष्कळ वर्षं गेली.

मग एकदा पावसानं दगा दिला. ओढा आटला, नदीचं पाणी लांब गेलं. बायका कोसभर चालून हंडे आणू लागल्या. चर्चच्या विहिरीत तळाला नुसता ओलावा राहिला. दानी गेल्यापासून त्या विहिरीच्या खोदकामाला कोणी हात लावला नव्हता. आता ती खोल केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मंडळी जमली. गिदोन म्हणाला, मी उतरतो. पण दोर लाजरसदादांच्याच हातचा पाहिजे.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याचा दोर तुटला असं हा स्वतः सांगतो, त्याचाच दोर हा मागतो. पण तहानलेल्या गावानं जास्त विचार केला नाही. पाळक लाजरसकडे आले, काम सांगितलं. लाजरस म्हणाला, "वळतो."

त्याची बायको रिबका चुलीपाशी होती. तिनं मान वर करून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या सहज हो म्हणणारा हा माणूस नव्हता.

दोर तीन पदरांचा असतो. एकेक पदर खुंटीला अडकवून लाजरस एकटाच करायचा. त्यानं दोन पदर चांगल्या वाखाचे केले. तिसरा करताना तो कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेला. त्या टोपलीत जास्त दिवस पाण्यात राहून काळं पडलेलं वाख होतं. ते दिसायला वाख, पण ताण आला की कागदासारखं फाटतं. ते फेकायचं असतं. लाजरसनं त्यातलं मूठभर घेतलं आणि पदराच्या मधोमध आत वळवलं. वरून पांढरं वाख गुंडाळलं. त्याला स्वतःला सुद्धा बोट लावल्याशिवाय जागा सापडली नसती.

त्यानं पाप केलं का, असं मुलं विचारतील. हो, केलं. दोर अजून वळायचा होता, माणूस अजून जिवंत होता, तरीही केलं.

तीन पदर एकत्र वळायला दोन माणसं लागतात. एक जण लाकडी फिरकी फिरवून पीळ देतो, दुसरा लांब दुसरं टोक ताणून उभा राहतो. पूर्वी ते टोक दानी धरायचा. तो गेल्यावर रिबका धरू लागली. अंगणातल्या कडुनिंबाखाली त्या जागेवरची माती पायांनी दबून गुळगुळीत झाली होती.

सकाळी लाजरसनं रिबकाला हाक मारली. रिबका लुगड्याला हात पुसत आली आणि टोक न उचलताच उभी राहिली.

"या दोराचं टोक मी धरणार नाही," ती म्हणाली. "ज्याला त्यावर उतरायचंय, त्यानं धरावं. मी निरोप पाठवलाय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

गिदोन आला. तो आता पिकला होता, दम लागत होता. दारात उभा राहून त्यानं सलाम घातला. लाजरसनं हनुवटीनं नुसता कडुनिंब दाखवला. गिदोन जाऊन दानीच्या जागेवर उभा राहिला. लाजरसनं ते पाहिलं आणि फिरकी फिरवायला सुरुवात केली.

पीळ बसू लागला की दोर आखडतो. टोक धरणाऱ्यानं तेवढं पुढे सरकावं लागतं. गिदोनला ते माहीत नव्हतं. तो पाय रोवून मागं ओढत राहिला. पदर ताणले, कुरकुरले. लाजरसला बोलणं भाग पडलं. पुष्कळ वर्षांत तो गिदोनशी बोलला ते पहिले शब्द हे होते:

"पुढे ये."

गिदोन एक पाऊल पुढे आला. फिरकी फिरली, दोर आखडला. लाजरस पुन्हा म्हणाला, पुढे ये. असं चालत राहिलं. पीळ चढत गेला आणि गिदोन जवळ येत गेला. जो माणूस लाजरसनं इतकी वर्षं नजरेआड ठेवला होता, त्याच्या कपाळावरचा घाम आता दिसू लागला. भुवया पांढऱ्या झालेल्या दिसल्या. हळू बोललं तरी ऐकू येईल एवढ्या अंतरावर तो आला.

लाजरसनं विचारलं, "माझाच दोर का मागितलास?"

गिदोननं खाली पाहिलं. "जीव टांगायचा तर तुमच्याच दोराला टांगावा, दादा. दुसऱ्याचा भरवसा नाही."

फिरकी थांबली.

लाजरस दोराकडे पाहत राहिला. त्याच्या मनात एकच गोष्ट आली. या माणसानं सांगितलं होतं, लाजरसचा दोर तुटला आणि माणूस मेला. ते खोटं होतं की खरं, हे देवाला माहीत. पण हा दोर विहिरीत गेला तर ते खरं होणार होतं. गिदोननं बोललेलं लाजरस स्वतःच्या हातानं खरं करणार होता.

अभिमानी माणूस होता. आधी अभिमानानंच त्याचा हात थांबवला. नंतरचं अभिमानाला जमण्यासारखं नव्हतं.

त्यानं फिरकी उलटी फिरवली. सगळा पीळ उतरला, तीन पदर सुटे झाले. गिदोन काही न कळून टोक धरून उभा होता. लाजरस तिसऱ्या पदरावरून बोट फिरवत मधोमध आला, पदर उकलला, आतलं काळं वाख बाहेर काढलं आणि गिदोनच्या तळहातावर ठेवलं.

"ओढून बघ."

गिदोननं दोन बोटांनी ओढलं. त्याचा भुगा झाला.

"हे चुकून गेलेलं नाही," लाजरस म्हणाला. "मी घातलं होतं. तुझ्यासाठी."

उंबऱ्यात उभ्या असलेल्या रिबकानं डोळे मिटले.

"हे तू पाळकांना सांग, गावाला सांग, तुझा हक्क आहे," लाजरस पुढे म्हणाला. "मला माफ कर. आणि दानीबद्दल मी तुला माफ केलं."

गिदोन पुटपुटला, "मी तर माफी मागितली नाही."

"नाही मागितलीस. मी तरी प्रभूकडे कुठं मागितली होती? त्यानं आधीच देऊन ठेवली. मीच इतकी वर्षं शेवटच्या बाकावर बसून राहिलो."

एवढं बोलून लाजरस वळला. त्यानं नवं वाख घेतलं आणि तिसरा पदर पहिल्यापासून करायला लागला. गिदोन निघून जाईल असं त्याला वाटलं. गिदोन गेला नाही. पदर होईपर्यंत तो कडुनिंबाखाली बसून राहिला, हातातला भुगा झटकला नाही. पदर झाल्यावर उठला आणि टोक उचललं. या वेळी त्याला पुढे ये म्हणावं लागलं नाही. तो दोराबरोबर आपोआप सरकत आला. काम संपल्यावर गिदोन नुसताच निघून गेला.

रिबका म्हणाली, "काहीच बोलला नाही तो."

"न बोलू दे," लाजरस म्हणाला. "बोलेल म्हणून मी माफ केलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव विहिरीवर जमलं. गिदोननं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक खांबाला गुंडाळून गाठ मारली. मग त्यानं एका बाईकडे पाणी मागितलं. पाणी किती मोलाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. बाईनं कुरकुरत तांब्या दिला. गिदोननं ते पाणी प्यायलं नाही. गाठीवर ओतलं, गाठ भिजवली आणि पाय लावून पुन्हा आवळली. मग तो लोकांकडे वळला.

"नवा दोर ताठ असतो," तो म्हणाला. "गाठीला पाणी मारावं लागतं, नाहीतर ती निसटते. दानीच्या दिवशी मी पाणी मारलं नव्हतं. ऊन चढायच्या आत उरकायची घाई होती. दोर तुटला नव्हता, माझी गाठ सुटली. तुटला असता तर खांबाला तुकडा उरला असता, तोही नव्हता. कोणी विचारलं असतं तर मी सापडलो असतो. कोणी विचारलं नाही."

रिबका होती तिथंच खाली बसली. मग मागून एक जण म्हणाला, याला तसाच ढकला. आणखी दोघांनी हुंकार भरला.

लाजरसच्या मनात एकदम दोन गोष्टी आल्या. आपल्या दोरानं मुलगा मेला, हे ओझं उतरलं. आणि इतकी वर्षं ते ओझं त्याच्यावर मुद्दाम ठेवलेलं होतं, हे कळलं. काल माफ करताना त्याला हे माहीत नव्हतं. काल अर्धंच माफ केलं होतं. उरलेलं आज करायचं होतं, आणि ते कालच्यापेक्षा जड होतं.

गिदोन काठावर उभा होता. "वरून दोर तुम्हीच धरावा असं मनात होतं," तो म्हणाला. "आता धरवत नसेल तर तसं सांगा. उतरायचं तर मी उतरणारच."

लाजरस पुढे झाला. त्यानं खाली बसून गाठ चाचपली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, ते त्यानं गाठीवर ओतलं आणि गाठ आणखी एकदा आवळली. मग उठून दोर दोन्ही हातांत घेतला, पाय रोवले.

"उतर," तो म्हणाला. "मी धरलंय."

गिदोन उतरला. संध्याकाळी वर आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते. पाणी लागलं होतं. लाजरसच्या तळहातांची सालं निघाली होती, पण दोर त्यानं दिवसभर दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकांनी भाकर मोडली आणि नेहमीचे शब्द उच्चारले. लाजरस उठला. लोक मान वळवून पाहू लागले. निम्म्या वाटेवर तो थांबला आणि त्यानं मागं पाहिलं. आज शेवटच्या बाकावर गिदोन बसला होता, मान खाली घालून.

लाजरस परत गेला. बाकाजवळ उभा राहिला आणि त्यानं आपला सोललेला हात पुढे केला.

"सलाम, गिदोन," तो म्हणाला. "पुढे ये."

तात्पर्य: समोरचा आपली चूक कबूल करेल, मग माफ करू, असं म्हणत बसू नये. आधी आपल्या मनातलं काळं वाख उपसून त्याच्यासमोर ठेवावं. प्रभूची क्षमा ज्याला मिळाली आहे, त्यानं ती दुसऱ्याला द्यायला उशीर करू नये.