आवडूची धोंड

आंबेखोल गावाच्या वरच्या अंगाला, जिथे परसांचे दगडी गडगे संपतात आणि रान सुरू होते, तिथे काजऱ्याच्या झाडाखाली जांभ्या दगडाची एक मोठी धोंड आडवी ठेवलेली आहे. तिला शेंदूर नाही, तिच्यावर फूल नाही, जवळ घंटाही नाही. तरी नवखे पाहुणे देवस्थान समजून चपला काढू लागतात. तेव्हा मंजुळाकाकी घाडी त्यांना थांबवतात.

"चपला राहू देत," त्या म्हणतात. "वाकून नाकाने श्वास तेवढा घ्या."

पाहुणे श्वास घेतात. ओल्या मातीचा आणि राखेचा वास येतो, दुसरा कसलाच नाही. मग काकी सांगतात की या धोंडेखाली पुरुषभर खोल खड्डा आहे, आणि गावात कोंबडी कापली गेली की तिची आतडी, मुंडी, पाय, पिसे सगळे कडेच्या फटीतून यात जाते आणि कुजून माती होते. हे ऐकून पाहुणे पटकन दोन पावले मागे सरतात. काकींना त्याची सवय आहे. त्या गडग्यावर टेकतात आणि सांगू लागतात.

पाच-सहा पिढ्यांपूर्वीची गोष्ट, असे सांगतात. तेव्हा आंबेखोलात बावीस घरे होती आणि प्रत्येक परसात कोंबड्यांचे खुराडे होते. रानातले कोल्हे तिन्हीसांजेला गडग्यावरून उड्या टाकत आणि कोंबड्या नेत. हे थांबावे म्हणून लोक रानाच्या राखणदार देवाला कोंबडा देत. मांस घरात शिजे. मुंडी, पाय, आतडी मात्र देवाचा वाटा म्हणून गडग्यापलीकडे टाकायची रीत होती. एकदा टाकल्यावर त्याला कोणी हात लावायचा नाही. देवाचे ते देव नेईल.

देव काही ते लगेच नेत नसे. बावीस परसांमागे तो वाटा उन्हात पडून राही. आतडी फुगत, हिरवी पडत आणि फुटत. माश्यांचा थर इतका जाड बसे की खाली काय आहे ते दिसत नसे. दुसऱ्या दिवशी त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत, आणि त्याच माश्या उडून घरात येत आणि वाफाळत्या भातावर बसत. पाऊस पडला की ते सगळे पातळ होऊन पाटाच्या पाण्याला मिळे. बाया नाकाला पदर लावून भांडी घाशीत, पण ते उचलावे असे कोणाच्या मनात येत नसे. उलट कोल्हे वाढले की लोक म्हणत, राखणदार कोपला. मग आणखी एक कोंबडा कापला जाई.

त्या गावात आवडू नावाची विधवा होती. तिची एकुलती एक लेक सुभी बाळंतपणाला माहेरी आली होती. सुभीच्या अंगात रक्त नव्हते. ओठ पांढरे, पायांवर सूज. सुईणीने सांगितले, रोज एक अंडे पोटात गेले नाही तर ही बाळंतपणातून उठायची नाही. आवडूकडे सात कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. अंडी मिळत होती.

एका आठवड्यात कोल्ह्यांनी दोन कोंबड्या नेल्या. आवडू घाबरली. ती गावच्या घाड्याकडे, देवाला गाऱ्हाणे घालणाऱ्याकडे, गेली. "कोंबो दी," तो म्हणाला. तिने आपला कोंबडा दिला. त्याच्या पायाला तिने सुभीच्या लुगड्याच्या काठाचा लाल धागा बांधला होता, की देवाला कळावे, हा नवस कोणासाठी आहे. मुंडी, आतडी आणि धाग्यासकट पाय गडग्यापलीकडे टाकून ती हात जोडून घरात गेली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती अंडे आणायला गेली तेव्हा खुराड्याच्या तळाशी माती उकरलेली होती. आत रक्ताला चिकटलेली पिसे होती. एक कोंबडी नेलेली, आणि दुसरी पाठ फाडलेली तशीच जिवंत, उघड्या मांसाला मुंग्या लागलेल्या. आवडूने तिची मान पिरगळली आणि तिथेच ओकली. उरल्या होत्या तीन, कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसलेल्या.

पिसांचा माग रानाकडे गेला असेल म्हणून ती निघाली. पण माग गडग्यापलीकडेच थांबला, देवाच्या वाट्याजवळ. तिथे गवत लोळून दाबले गेले होते. कोल्हे तिथे येऊन बसत, खात, आणि तिथेच हगत. त्या विष्ठेत पिसे होती, हाडांचा चुरा होता, आणि एका लेंडात काहीतरी लाल दिसत होते. आवडूने काटकीने ते उकरले. सुभीच्या लुगड्याचा धागा होता तो.

तिने ते सगळे तसेच पानावर घेतले आणि देवळापुढे सकाळी बसलेल्या लोकांत नेऊन ठेवले. माणसे नाक दाबून उठली.

"टाक गो ती घाण!" घाडी ओरडला. "देवाक बाटवतलंस?"

"आवडूक कोल्ह्याचो प्रसाद गावलो," मागून कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

आवडू हसली नाही. "कोंबो देवान खाल्ल्यान," ती म्हणाली, "तर माझ्या चेडवाचो धागो कोल्ह्याच्या पोटात खंयसून गेलो? आपण देवाक देत नाय. कोल्ह्यांका जेवूक बोलावतो. वाढलेला संपला की ते खुराड्यात शिरतत."

पण घाण उचलायला कोणी पुढे आले नाही. तेव्हा आवडूने तिथेच शपथ घेतली, असे सांगतात: बावीस परसांमागची घाण मातीआड होईपर्यंत मी घराचा उंबरा ओलांडून आत जाणार नाही, आणि लेकीच्या बाळाला हात लावणार नाही.

काजऱ्याखाली तिने खड्डा खणायला घेतला. मग फुटकी टोपली घेऊन परसामागून परस फिरली. हातांनीच भरायची. आतडी बोटांतून निसटत, अळ्या कोपरापर्यंत चढत, टोपलीतून पाझरलेले पाणी मानेवरून पाठीत उतरे. ती ओके, तोंड पुसायला हात वर नेई आणि हाताच्या वासाने पुन्हा ओके. बाया तिला पाहून दारे लावून घेत. जेवण तिला लांबून करवंटीत वाढले जाई. कोल्हे तर भर दुपारी तिच्या टोपलीमागून चालत, कुत्र्यासारखे, जीभ बाहेर काढून.

पाचव्या दिवशी सुभीच्या कळा सुरू झाल्या. आवडू मागच्या भिंतीला कान लावून बाहेर उभी राहिली. बाळ रडले तेव्हा तिने टोपली उचलली आणि सतराव्या परसाकडे गेली.

सातव्या दिवशी खड्डा भरला. वर माती आणि राख पडली. पण कोल्हे उकरतील, त्यावर दगड हवा होता, आणि दगड चार पुरुषांनी उचलावा असा. इथे गोष्टीला दोन फाटे आहेत. कोणी म्हणतात, आवडूने हात लावताच धोंड आपसूक सरकत आली. मंजुळाकाकी ते सांगतात, पण लगेच पुढे म्हणतात, "मी त्याच घाड्याच्या घरची सून. आमच्या घरात वेगळं सांगतात." त्यांच्या घरात सांगतात की नवस बोलायला लावणारा तो घाडी नाकाला उपरणे बांधून आला, दगडाला खांदा लावला आणि उभ्या राहिलेल्यांवर ओरडला, "मेल्यांनो, बघतास काय? हात लावा!"

त्या तिन्हीसांजेला कोल्हे आले. त्यांनी धोंडेभोवती फेऱ्या घातल्या, नखांनी दगड ओरबाडला. गडगे हुंगले. खायला काही नव्हते. तीन दिवस आले, चौथ्या दिवशी आले नाहीत. आवडूच्या तीन कोंबड्या वाचल्या, आणि सुभीला रोजचे अंडे मिळत राहिले.

आवडू ओढ्यावर गेली. राखेने, शिकेकाईने, कडुलिंबाच्या पाल्याने कातडी सोलवटेपर्यंत हात घासले. घरी आली आणि उंबऱ्याच्या आत जाऊन थांबली. बाळाकडे बघत राहिली. हात तिने पाठीमागे धरले होते.

सुभीने तिचे हात पुढे ओढले आणि नाकाशी नेले. तिचा चेहरा वाकडा झाला. "शी!" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून कोरडी ओकारी काढली. आवडू मागे वळू लागली.

"वास येता गो आये," सुभी म्हणाली. "घे." आणि तिने बाळ त्या हातांत ठेवले.

एवढे सांगून मंजुळाकाकी उठतात, आणि येताना आणलेली घमेलेभर राख-माती धोंडेच्या कडेने आत लोटतात. आजही आंबेखोलात कोंबडी कापणाऱ्या घराने सूर्य मावळायच्या आत इथे येऊन गेल्याशिवाय चुलीवर हंडी चढत नाही. आणि आजही गावात बाळ जन्मले की आजी ओंजळ पुढे करते. बाळंतीण ती हुंगते. ओंजळीला आता साबणाचाच वास असतो, तरी ती नाक मुरडून "शी!" म्हणते, आणि मगच बाळ देते.