धनेशाची बंद ढोली

घाटाखालच्या एका दाट जंगलात, बेहड्याच्या उंच झाडावर, धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, धनेशांची रीत मोठी न्यारी. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. आत ती आपली पिसेही गाळून टाकते, म्हणजे उडायचीही सोय नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत नर गळ्यात फळे भरून आणतो आणि त्या फटीतून तिला एकेक भरवतो.

आपला हा धनेश कामाला वाघ होता, पण त्याची घमेंडही तेवढीच मोठी. बायको रोज पहिले फळ घेण्याआधी डोळे मिटून म्हणे, "आकाशातल्या बापा, आजचं अन्न दिलंस, तुझे उपकार." ते ऐकले की धनेश फणकारायचा, "बाप कधी आलाय फळं घेऊन? पंख दुखतात ते माझे!" एकदा शेजारचे शेकरू, म्हणजे झुपकेदार शेपटीची ती मोठी खार, वहिनींसाठी प्रेमाने दोन उंबरे घेऊन आले. धनेशाने त्याच्या शेपटीवरच चोच मारली. "माझं घर चालवायला मी खंबीर आहे. चल, नीघ!" बिचारे शेकरू उंबरे तिथेच टाकून पळाले.

पुढे ढोलीत पिल्ले जन्मली आणि धनेशाच्या फेऱ्या वाढल्या. अशातच एका दुपारी वावटळ सुटली, एक फांदी मोडली आणि नेमकी त्याच्या पंखावर पडली. तो झाडाच्या मुळाशी कोसळला. पंख काही केल्या उचलेना. वर भुकेली पिल्ले रडत होती. त्यांचा आवाज दमत चालला होता.

"अगं, भिंत फोड आणि बाहेर ये!" तो ओरडला.

"बाहेर येऊन काय करू? उडायला पिसं कुठे आहेत मला?" फटीतून बायको म्हणाली.

"मग तू इतकी शांत कशी?"

"शांत कसली? पोरांकडे बघून जीव कासावीस होतोय. पण अहो, मी दार लिंपलं ते काय फक्त तुमच्या पंखांच्या भरवशावर? ते पंख ज्याने दिले, त्याच्या भरवशावर लिंपलं. तुम्हीही मागा ना त्याच्याकडे."

धनेशाला मागायची सवयच नव्हती. शब्द जुळेनात. शेवटी मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, "बापा, माझ्याच्याने होत नाही रे." आणि त्याला रडू कोसळले.

इतक्यात वरची पाने हलली. शेकरू दबकत विचारत होते, "दादा, पोरांचं रडणं ऐकवत नाही. उंबरं आणलीत. येऊ का? मारणार नाही ना?"

धनेशाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "ये रे बाबा, ये," तो कसाबसा म्हणाला. शेकरू सरसर चढले आणि फटीतून पहिले उंबर आत गेले. बायको डोळे मिटून उपकार मानत होती, आणि आज खाली धनेशही डोळे मिटून बसला होता.

पंख बरा होईपर्यंत शेकराने ते घर जगवले. मग धनेश पुन्हा फळांना जाऊ लागला, पूर्वीपेक्षाही जास्त राबू लागला. भिंत फुटून पिल्ले बाहेर आली, तेव्हा धाकटीने विचारले, "बाबा, आम्हांला तुम्ही एकट्याने वाढवलंत?"

"नाही गं," धनेश म्हणाला. "मी आणलं, या काकाने आणलं. देणारा मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता. मलाच ते उशिरा कळलं."

तात्पर्य : कष्ट करावेत आपण, पण भरवसा ठेवावा स्वर्गीय पित्यावर, आणि त्याने धाडलेली मदत कोणाच्याही हातून आली तरी ती प्रेमाने घ्यावी.